नऊ मडकी पाऊस

वामन,

तुझ्या दहाव्याला मी आलो होतो. मोर्णेच्या काठावर सगळ्यांच्या मागे उभा होतो. पिंड ठेवला, आणि ठेवणारा हात मागे घेतो न घेतो तोच कावळा शिवला. मंडळी म्हणाली, सुटला हो, मागे काही वासना ठेवली नाही. मला मात्र त्या कावळ्याचा राग आला. थोडं तरी अडायचं होतंस. कावळा अडला असता तर कोणीतरी विचारलं असतं, कोणाचं काय राहिलंय ते बोला, आणि मला पुढे यावं लागलं असतं. तू ती वेळही माझ्यावर येऊ दिली नाहीस. जन्मभर दुसऱ्यांचे पिंड मांडून देणारा मी भट, तुझ्या पिंडापुढे तोंडातून एक शब्द काढू शकलो नाही. हात जोडले आणि परत फिरलो.

निघताना वहिनींनी हातात एक पुडकं दिलं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं, चपटं. म्हणाल्या, "हे तुमचं हाये. त्याइनं बाजूले काढून ठेवलं होतं." मी ते पिशवीत घातलं. अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत आगगाडीत मांडीवर पिशवी घेऊन बसलो, पण गाठ सोडली नाही. भीती वाटत होती, खरं सांगतो. आत तुझं पत्र असेल आणि त्यात तू मला जे बोलायला हवं होतंस ते सगळं असेल, असं वाटलं. आगगाडीचं तुला कधी कौतुक वाटलं नाही. सगळा मुलूख तोंडात बोट घालून बघत होता आणि तू म्हणालास, काय करायची ती गाडी, ती तर हलते.

हलणाऱ्या गोष्टींशी तुझं वाकडंच होतं. त्यात मीही आलो.

तसबिरी काढायची ती पेटी तुझ्या घरी आली तो दिवस मला आठवतो. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई लागली होती आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीत साहेब लोक कापसाच्या गाठींभोवती मुंग्यांसारखे जमले होते. त्यातल्याच एकाला तू मोजणी खात्यातला कारकून म्हणून रानोमाळ हिंडवलंस, मराठी शिकवलंस, आणि तो मुंबईला जाताना त्याला कंटाळा आलेली ती पेटी तुला देऊन गेला. सोबत काचा, बाटल्या आणि डोकं गरगरवणारा तो गोडसर वास. वहिनींनी आठ दिवस तुझं जेवण ओसरीवर वाढलं होतं.

लोकांना वाटलं, आता वामनरावांचं नशीब उघडलं. आणि उघडलंही असतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालणारे शेतकरी, नवे फेटे बांधलेले व्यापारी, सगळे तुझ्या दारात यायचे. मला काढा, माझ्या बैलांना काढा, गाठींवर हात ठेवून काढा. तू हसून टाळायचास. म्हणायचास, माणूस फार हलतो. आणि मग भर उन्हाळ्यात, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, तू पेटी आणि तिची तिवई बैलगाडीत टाकून पूर्णेकडच्या खाऱ्या रानात जायचास. तिथे काय होतं? कापसाची पऱ्हाटी उपटून नेलेली उघडी जमीन. गुडघाभर खोल भेगा. मिठासारखी पांढरी खार, तीवर एखादी वाळकी बाभूळ. मी एकदा हौसेनं तुझ्याबरोबर आलो आणि दिवसभर तुला शिव्या घातल्या. तू त्या काळ्या कापडाखाली डोकं घालून पुटपुटत होतास, "गोविंदा, पाह्य ना रे, भेगेच्या काठाले कसा उजेड लागून राहिला."

मला काही दिसलं नाही. मला फक्त तहान लागली होती.

त्याच दिवशी तू मला तुझ्या तसबिरीत उभं केलंस, बाभळीपाशी. बारापर्यंत आकडे मोजीन, तोवर श्वाससुद्धा जपून घे, म्हणालास. मी सातव्या आकड्याला नाक खाजवलं. काचेवर बाभूळ आली, भेगा आल्या, आणि माझ्या जागी धुराचा एक लोट आला. तू पोट धरून हसलास. पुढे चार वेळा तरी प्रयत्न केलास, चारही वेळा मी धूरच झालो. "भटजी, तुमी यज्ञातून उठून आल्यावाणी दिसता," असं सगळ्यांदेखत म्हणायचास. तुला एक चांगली तसबीर देईनच, असा शब्दही दिला होतास.

आपला एक वाद अर्धाच राहिला. पौषात मावठं आलं, गारा पडल्या, फुटलेला कापूस चिखलात लोळला. गावात चुली पेटल्या नव्हत्या आणि तू पेटी घेऊन बांधावर. करडं आभाळ, काळा चिखल आणि त्यात ती पांढरी बोंडं. तुझा चेहरा लग्नातल्या यजमानासारखा फुललेला. पाटलांनी ते पाहिलं. घरी आल्यावर मी तुला फैलावर घेतलं. म्हटलं, लोकांचं वर्ष मातीत गेलं आणि तुला तिथे सुंदर काय दिसतं? तू आधी भिजलेली पेटी पुसून ठेवलीस. मग म्हणालास, "नुकसान वेगळं, उजेड वेगळा. नुकसान मलेही दिसते. पण उजेडाकडे कोणीच पाह्यलं नाई, तं तोही वाया जाते." मी म्हटलं, हे तत्त्वज्ञान ज्याचं शेत बुडालं त्याला जाऊन सांग. तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं मी जिंकलो. आज वाटतं, तू ते उत्तर शोधत होतास आणि मी तुला वेळ दिला नाही.

आता त्या मडक्यांकडे यावं लागेल.

आपल्या गावाचं पाणी खारं. भातकुलीपासून पूर्णेपर्यंत कुठलीही विहीर घ्या, डाळ शिजत नाही. जे पाणी डाळ नासवतं ते तुझी काचही नासवायचं. तू मला एकदा करून दाखवलं होतंस. तुझ्या त्या चांदीच्या पाण्यात विहिरीच्या पाण्याचे चार थेंब टाकलेस आणि ते ताकासारखं पांढरं झालं. काच भिजवायला, आणि तसबीर काढल्याबरोबर ती अंधारात नेऊन धुवायला गोडं पाणी हवं, आणि तेही स्वच्छ. म्हणून आदल्या वर्षी श्रावणात आपण दोघांनी परसात पाऊस धरला. छपराच्या कवेलूवरून आलेलं पाणी तुला नको होतं, त्यात माती आणि चिमण्यांची घाण. म्हणून माझंच एक धुतलेलं धोतर चार टोकांनी ताणून धरलं. दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. मध्ये पाणी साचायचं आणि खाली मडक्यात धार लागायची. दोघं चिंब भिजलो, वहिनी दारातून हसत होत्या. नऊ मडकी भरली. तोंडाला फडकं बांधून वर माती लिंपली आणि कडुनिंबाखाली गळ्यापर्यंत पुरली. पुढच्या साली पाऊस लांबला तर कामी येईल, तोवर जपायचं, असं म्हणालास.

पुढच्या पाडव्याला मी पारावर पंचांग वाचलं. गावात सालोसाल वाचतो तसंच. पण त्या साली कापसाचा भाव डोक्यात शिरलेला होता आणि लोकांना माझ्या तोंडून एकच ऐकायचं होतं. मीही ते सांगितलं. मृगाचं वाहन हत्ती, पाऊस भरपूर, धूळपेरणी करा, वाट पाहू नका. पंचांगात इतकं ठाम काही नव्हतं रे. ग्रहांच्या चालीत आषाढ कोरडा जाण्याचाही धाक होता. तो मी वाचला नाही. कोणाला आवडतं पाडव्याच्या दिवशी वाईट ऐकायला, आणि कोणाला आवडतं वाईट सांगायला. सगळ्या गावानं ज्वारीसुद्धा बाजूला ठेवून कोरड्या मातीत सरकी पेरली.

मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या, त्याही कोरड्या. मातीतली सरकी मुंग्यांनी नेली. ढग यायचे, दुपारभर डोक्यावर थांबायचे आणि निघून जायचे. मोजणीचं रानातलं काम थांबलं म्हणून तू घरी आला होतास, आणि ते कोरडे ढग पाहून तुला पुन्हा तेच वेड लागलं होतं. तुझं एक दुःख होतं, काचेवर ढग उमटत नाहीत. जमीन नीट आली की आभाळ पांढरं फटक येतं. तू रोज पेटी वर करून ढगांवर रोखायचास आणि रोज कोरी काच घेऊन यायचास. लोक ते पाहत होते. ज्यांना तू हौसेनं कागदावरच्या तसबिरी दाखवल्यास त्यांनी विचारलं, त्या दिवशी तं आभाळ भरलं होतं, यातले ढग कुठं गेले? तू तुझ्या सरळ स्वभावाप्रमाणे म्हणालास, "पेटी खाऊन टाकते."

वीटभट्टीवाले आणि धान्य दाबून ठेवणारे पाऊस बांधतात, तोडगे करून अडवून धरतात, हे आपल्याकडे कुठल्याही म्हातारीला विचारा, सांगेल. त्यात तू एक नवा भरती झालास. पण तोवर ती फक्त कुजबुज होती. तिचा बोलबाला माझ्या तोंडून झाला.

त्या दिवशी पारावर मी सहज गेलो होतो. पाटील आणि दहाबारा जण बसले होते. पाटील म्हणाले, "महाराज, तुमी तं हत्ती सांगतला होता. कुठं अडकला तुमचा हत्ती?" सगळे हसले. पाटील वाईट माणूस नाहीत, ते चेष्टाच करत होते. पण त्या हसण्यात मला माझी पुढची सगळी वर्षं दिसली. उद्या लग्नाचा मुहूर्त काढायला कोण येईल, वास्तुशांतीला कोण बोलावील. माझ्या बापाचा आणि आजाचा मान त्या पारावर होता आणि तो मी माझ्या तोंडानं घालवला होता. मी म्हणालो, "हत्ती निघाला होता. वाटेत कोणी बांधून ठेवला असंल, तं पंचांगाचा काय दोष?"

पाटलांनी विचारलं, "कोनं बांधला?"

"मले काहून विचारता? गावात डोये सगळ्याइलेच हायेत."

एवढंच बोललो. तुझं नाव घेतलं नाही, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं आहे. ज्याला काडी टाकायची असते तो गवताचं नाव घेत नाही.

ते उठले आणि तुझ्या घराकडे निघाले. मीही मागून गेलो. का गेलो? थांबवायला गेलो, असं तेव्हा वाटलं होतं. परसात तू पेटी लावून उभा होतास. मडकी खणून बाहेर काढलेली, निंबाखाली ओळीनं मांडलेली, आणि मागे कुंपणापलीकडचं भाजलेलं रान. त्यांचीच तसबीर काढायची होती तुला. काच भिजवून पेटीत घातलेली होती, तुला घाई होती, आणि दारातून गाव आत आलं. एकानं पेटीवर काठी उचलली. माझ्या तोंडून पटकन निघालं, "पेटी सरकारी हाये, हात लावू नका." खोटं कसं झटकन आलं बघ.

पाटलांनी मडक्यांकडे बोट केलं. "काय हाये यात?"

"पाणी," तू म्हणालास.

"कायचं?"

"पावसाचं."

वामन, तुला एक दिवस, एकच दिवस खोटं बोलता आलं असतं तर. गंगेचं म्हणायचं होतंस. लोकांनी पाया पडून घरी नेलं असतं.

तू समजावू लागलास. विहिरीचं पाणी खारं, काच नासते, चांदीचं पाणी फुटते. त्यांना एक अक्षर कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की गावात थेंब नाही आणि या माणसानं नऊ मडकी पाऊस तोंडं लिंपून कोंडून ठेवला आहे. मग तू माझ्याकडे वळलास. मी भिंतीला टेकून उभा होतो. तुझ्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, सुटल्यासारखं हसू होतं. तू म्हणालास, "गोविंदा, सांग ना याइले. तूच तं धोतर धरलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "महाराज, तुमी म्हनसान तसं."

मी निंबाकडे पाहिलं. त्याला निंबोळ्या लागल्या होत्या, पिवळ्या, त्या वर्षी जरा लहानच. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

पहिलं मडकं पाटलांनी फोडलं. मग गोंधळ झाला, काठ्या, धोतरं, धूळ. नऊ मडक्यांचं पाणी त्या मातीनं उभ्या उभ्या पिऊन टाकलं, चिखलसुद्धा झाला नाही. मध्ये एकदा तुझा हात पेटीकडे गेलेला मी पाहिला. तू काय केलंस ते मला दिसलं नाही. मग तू पेटीच्या मागून काहीतरी काढून छातीशी धरलंस, पायाशी पाण्याचा लोटा होता तो उचललास आणि धान्याच्या अंधाऱ्या खोलीत गेलास, दार आतून लावलंस. लोक म्हणाले, लपला. आणि मीही मनात म्हटलं, लपला. मी म्हटलं! हे मी तुला कधीही सांगितलं नसतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. असा आला की पूर्णेला पूर आला. गावानं मला पारावर बसवून शाल पांघरली, नारळ दिला. मी तो घेतला. ती शाल अजून घरात आहे, एकदाही अंगावर घेतलेली नाही, आणि टाकूनही देता आली नाही. तू महिन्याभरात अकोल्याला बदली मागून घेतलीस. तुमची गाडी चिखलातून गेली तेव्हा मी दाराच्या फटीतून पाहत होतो. तू गाडीच्या मागे पाय सोडून बसला होतास आणि भिजलेल्या रानाकडे डोळे बारीक करून बघत होतास. सवयच ती. माझ्या दाराकडे एकदा पाहिलंस.

नाव तुझ्या मागे अकोल्यापर्यंत गेलं. तुझ्या यमीला दर्यापूरकडचं स्थळ आलं, पसंती झाली आणि मग कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, पाऊस बांधणाऱ्याची मुलगी. तेव्हा तू मला पत्र लिहिलंस. तीन वर्षांतलं पहिलं. त्यात तक्रार नव्हती. "तू दोन ओळी लिहून दे. खरं असंल तेवढंच लिही. तुझ्या अक्षराले मान हाये." जसं बोलायचास तसंच लिहिलं होतंस. मी चार वेळा कागद घेतला. सुरुवात छान व्हायची, सकलगुणालंकृत वगैरे. पण मडकी कशासाठी होती ते लिहायचं, तर मी तिथे उभा होतो तेही लिहावं लागत होतं, आणि हत्तीचंही. कागद फाडून टाकले. स्थळ मोडलं. तुला ताप आला त्याची खबर आली तेव्हा मनात ठरवलं, आता जातो आणि समोरासमोर बोलतो. पण मूळ नक्षत्र होतं, म्हटलं दोन दिवस थांबू. बघ, पंचांगानं मला शेवटपर्यंत साथ दिली.

काल पुडकं उघडलं. पत्र नव्हतं.

कागदावरची तसबीर होती. तुझं परस. निंब, मागे भाजलेलं रान, आभाळ नेहमीसारखं पांढरं. खाली मडकी. डावीकडची चार खापऱ्या झालेली, उजवीकडची चार साबूत, आणि मधलं एक असून नसल्यासारखं, कारण ते त्याच वेळी फुटत होतं. माणसं नाहीत. पाटील नाहीत, काठ्या नाहीत. त्यांच्या जागी जमिनीलगत नुसता धूर, सकाळच्या धुईसारखा पसरलेला. आणि उजवीकडे भिंतीला टेकून एक माणूस. त्याच्या शेंडीचा केस न् केस आला आहे. उपरण्याचा काठ आला आहे. मान जरा वर, नजर झाडाकडे. इतकी स्वच्छ तसबीर तू दुसऱ्या कुणाची काढली नसशील.

म्हणजे तू लपला नव्हतास. बाहेर मडकी फुटत होती आणि तू आत, लोट्यात उरलेल्या शेवटच्या पावसानं, मला धूत होतास.

आणि तेव्हा वहिनींचे शब्द आठवले. पुडकं देताना त्या आणखी काही बोलल्या होत्या आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. म्हणाल्या, "ते म्हणत, गोविंदाची एक चांगली तसबीर द्यायची राह्यली. शेवटी एकदाचा हलला नाई तो." हे तू कसं म्हणालास? हसत म्हणालास की दात खाऊन? रागानं म्हणाला असशील तर मला सोसेल. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुला नुकसान वेगळं दिसायचं आणि उजेड वेगळा. कदाचित त्या खापऱ्यांमध्ये तुला खरंच माझ्या तोंडावर पडलेला उजेड दिसला असेल, आणि चांगला आला आहे म्हणून तू ठेवून दिला असशील. तसं असेल तर मी कुठे तोंड लपवू?

आज सकाळी ती तसबीर घेऊन पारावर गेलो. पाटील थकले आहेत, आता काठी टेकत येतात. कापसाचा भाव पडला, चांदीच्या शेंब्याही गेल्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं. पंचांगात काय होतं ते, मी काय वाचलं नाही ते, धोतर कोणाचं होतं ते. शेवटपर्यंत बोललो. वामननं पाऊस बांधला नव्हता, मी खोटं बोललो, असं स्पष्ट म्हटलं.

कोणी रागावलं नाही. मला शिव्या हव्या होत्या, त्याही मिळाल्या नाहीत. पाटील म्हणाले, "जाऊ द्या ना महाराज. मडके फुटले अन् पाऊस आला, हे तं आमी आमच्या डोयानं पाह्यलं. आता काहून उकरून काढता?"

मग त्यांनी तसबीर हातात घेतली. उन्हात धरली, जवळ नेली, लांब धरली. बाकीचेही वाकून बघू लागले. जो तो स्वतःला शोधत होता. बराच वेळ शोधलं त्यांनी. शेवटी पाटलांनी ती मला परत दिली आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "यात तं आमी कोनीच नाई. तुमीच एकटे हाये."

घरी येऊन दोन ओळी लिहिल्या. पाचवा कागद, फाडला नाही. दर्यापूरच्या त्या मुलाचं लग्न झालं आहे, हे मला ठाऊक आहे. तरी पत्र घेऊन आधी तिथे जाईन, आणि यमीला यापुढे जिथून जिथून विचारणा येईल तिथे स्वतः जाऊन उभा राहीन, वहिनींनी दारात उभं केलं तर. पाडवा चार दिवसांवर आहे. पंचांग वाचायला या वर्षी मी बसणार नाही.

तसबीर समोर ठेवली आहे. आत्ता तिच्याकडे बघत मी बारापर्यंत आकडे मोजले, तू मोजायचास त्याच चालीत. वेळ फार लागत नाही रे. त्या बारांत मी कुठेही एक पाऊल पुढे टाकलं असतं, नुसता हात जरी वर केला असता, तरी तुझ्या काचेवर नेहमीसारखा धूर झालो असतो, आणि तू हसला असतास.

तुझा,
गोविंद